दहा रुपयांची गोळी

एचआयव्हीवरची आजची गोळी दिवसाला साधारण दहा रुपयांना पडते. टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधं एकाच गोळीत असतात. आद्याक्षरांवरून सगळे तिला टीएलडी म्हणतात. गरीब देशांना एड्स, क्षय आणि मलेरियासाठी पैसा पुरवणाऱ्या ग्लोबल फंडाने २०२३ साली या गोळीचा एका माणसामागे वर्षाचा भाव ४५ डॉलरच्या खाली आणला. रुपयांत मांडायचं तर वर्षाला पावणेचार हजार, महिन्याला तीनशेच्या घरात. आपलं सरकार आपल्या निविदा वेगळ्या काढतं, पण अंदाज यायला एवढा हिशेब पुरतो. टपरीवरच्या एका कटिंग चहाच्या पैशात एका माणसाचा एक दिवस.

हा आकडा मुद्दाम आधी सांगितला. ‘निधीअभावी एचआयव्हीच्या औषधांचा तुटवडा’ असा मथळा पेपरात दिसला की आपण धरून चालतो, औषध महाग असणार, सरकारला परवडत नसणार. एके काळी ते खरंही होतं. आता नाही. तरीही तुटवडा होतो, आणि तो कसा होतो हे मला कुठल्या अहवालापेक्षा आमच्या गावाकडच्या एका काकींमुळे कळलं. त्या लिही म्हणाल्या म्हणूनच लिहितोय. नाव-गाव तेवढं गाळलंय.

काकी सांगली-सोलापूरच्या शिवेवरच्या द्राक्षपट्ट्यातल्या. नवरा ट्रकवर ड्रायव्हर. तो २००२ च्या हिवाळ्यात गेला. गावात ‘कावीळ झाली’ असं सांगितलं गेलं आणि गावानेही मान डोलावली. त्या काळात अशा बऱ्याच काविळी झाल्या. मला फार नंतर कळलेली गोष्ट अशी, की तो गेला त्याच्या पावणेदोन वर्षं आधी, फेब्रुवारी २००१ मध्ये, मुंबईतल्या सिप्ला कंपनीचे युसूफ हमीद यांनी ‘मेदसाँ साँ फ्राँतिए’ या डॉक्टरांच्या संघटनेला तीन औषधांचा मिळून वर्षाचा डोस ३५० डॉलरमध्ये देऊ केला होता. तोवर याच औषधांना पाश्चात्त्य कंपन्या वर्षाला दहा-बारा हजार डॉलर आकारत होत्या. आपल्याकडे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नव्हतं, बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचं, म्हणून हे जमलं. जगभर खळबळ उडाली. जानेवारी २००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बुश यांनी संसदेपुढच्या भाषणात सांगितलं, की या औषधांचा वर्षाचा खर्च बारा हजार डॉलरवरून तीनशेच्या खाली आला आहे. त्याच भाषणात त्यांनी गरीब देशांना एड्सशी लढायला मदत करणारी, पाच वर्षांसाठी १५ अब्ज डॉलरची पेपफार योजना जाहीर केली.

पण ३५० डॉलर म्हणजे त्या वेळच्या भावाने महिन्याला तेरा-चौदाशे रुपये. ड्रायव्हरच्या घरात ते कुठून येणार? आपल्या सरकारने मोफत औषध सुरू केलं १ एप्रिल २००४ ला, देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. काकांना ते दीड वर्षाने चुकलं. आफ्रिकेतल्या माणसाला जगवणारं औषध ज्या राज्यातल्या कंपनीने देऊ केलं, त्याच राज्यात ते वारले. हे मी कडवटपणाने म्हणत नाही. स्वस्त औषध निघणं आणि ते दारापर्यंत येणं यांच्यात किती अंतर असतं, एवढंच त्यातून कळतं.

काकींचं औषध २००६ ला सुरू झालं. त्यांनाही लगेच मिळालं नव्हतं. तेव्हाचा नियम असा, की रक्तातल्या सीडी-फोर पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, २०० च्या खाली गेल्या किंवा आजार फारच बळावला तरच गोळी. काकींचा आकडा तीनशेच्या आसपास, म्हणून ‘अजून वेळ आहे, सहा महिन्यांनी या’. आजारी पडायची वाट बघत बसायचं. त्या नियमाला वैद्यकीय कारणं होती, तशीच पैशाचीही होती. पुढे ही मर्यादा वर सरकत ३५० वर आली, मग ५०० वर, आणि २०१७ साली काढूनच टाकली. निदान झालं की औषध सुरू. या बदलात पुण्याचाही हात आहे. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत ज्या आंतरराष्ट्रीय चाचणीचं एक केंद्र होतं, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: लवकर औषध सुरू केलं तर जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं. म्हणजे एकाची गोळी दुसऱ्याचाही बचाव करते. मात्र ती रोज घ्यावी लागते, खंड पडून चालत नाही. थांबली की काही आठवड्यांत विषाणू रक्तात पुन्हा डोकं वर काढतो, आणि अर्धवट घेत राहिलं तर तो औषधाला जुमानेनासा होतो. मग पुढच्या फळीची औषधं लागतात, ती जास्त महाग. तेव्हा गोळी चुकली तर खर्च वाचत नाही, वाढतो. खात्यातल्या कारकुनालाही हे पाठ आहे.

आता एआरटी केंद्राच्या, म्हणजे एचआयव्हीचं औषध मोफत देणाऱ्या सरकारी केंद्राच्या खिडकीशी या. जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, बहुधा क्षयरोग विभागाला लागून, एक बोळ असतो. बोळात बाक. बायका पदर तोंडावर ओढून बसतात, पुरुष मोबाईलमध्ये डोकं घालून. आधी समुपदेशक बाई, मग डॉक्टर, मग औषधाची खिडकी. प्रत्येकाकडे एक हिरवं पुस्तक. मागची बाटली सोबत आणायची, उरलेल्या गोळ्या फार्मासिस्ट मोजतो, म्हणजे किती चुकल्या ते कळतं. नवी बाटली पांढरी, प्लास्टिकची, तीस गोळ्यांची. काकी खिडकीपासून चार पावलं लांब जातात आणि नखाने बाटलीवरचा कागद खरवडून काढतात. चिकट कागद निघता निघत नाही, तुकडे पडतात. ते तुकडे त्या कचऱ्याच्या डब्यात टाकत नाहीत, पदराच्या टोकाला बांधून आणतात आणि एस.टी. फाट्याला थांबली की खिडकीतून भिरकावतात. घरी गेल्यावर गोळ्या कॅल्शियमच्या जुन्या डब्यात. सुनेला वाटतं सासूबाईंची हाडं दुखतात. निदान काकींची तरी तशी समजूत आहे. सून बारावी शिकलेली आहे, तिला काय माहीत आणि काय नाही, हे ती दाखवत नाही.

एस.टी.त या रुग्णांना सवलत आहे. काकींनी ती कधी घेतली नाही. सवलत घ्यायची तर कंडक्टरला दाखला दाखवायचा, आणि कंडक्टर शेजारच्या गावचा. “त्याला दावण्यापरीस पन्नास रुपयं गेल्यालं बरं,” असं त्यांचं गणित. सरकारच्या कागदावर ही सवलत म्हणजे केलेली मदत. ती न वापरणाऱ्यांची कुठे नोंदच नाही.

एका वर्षी ऐन छाटणीच्या दिवसांत काकींना खिडकीवर तीसची बाटली मिळाली नाही. फार्मासिस्टने एक बाटली फोडली, स्टीलच्या ताटलीत दहा गोळ्या पट्टीने सरकवत मोजल्या, कागदी पाकिटात घातल्या आणि म्हणाला, “मावशी, दहा दिवसांनी या. माल येतोय.” दहा दिवसांनी पुन्हा दहा. नंतर एकदा सातच. तो माणूस वाईट नव्हता. जवळच्या जिल्ह्यातल्या केंद्राकडून उसन्या बाटल्या आणून तो सगळ्यांना थोड्या थोड्या पुरवत होता, जेणेकरून कोणाचीच अगदी बंद पडू नये. वरून विचारणा झाली तर त्याचं उत्तर खरं होतं: आमच्या केंद्रावर एकही रुग्ण औषधाविना परत गेला नाही.

पण काकींच्या बाजूने हिशेब मांडा. छाटणीनंतर बागेत कामाची घाई. मजुरी तीनशे ते साडेतीनशे. एक दिवस चुकला तर मुकादम दुसरी बाई लावतो, मग तो आठवडाही गेला. महिन्यातून एक फेरी व्हायची, तिथे तीन झाल्या. दोन जादा फेऱ्यांची बुडालेली मजुरी सहा-सातशे, वर भाडं. म्हणजे सरकारकडून तीनशे रुपयांची गोळी वेळेवर आली नाही, आणि तिची तिपटीने भरपाई कोणी केली, तर संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाची वाट बघणाऱ्या एका बाईने. हा खर्च कुठल्याच ताळेबंदात येत नाही. म्हणून आकडेवारीत तुटवडा कधी दिसत नाही, आणि म्हणून खात्याचा अधिकारी प्रामाणिकपणे सांगू शकतो की तुटवडा नाही.

हेच चित्र दिल्लीत मोठ्या पडद्यावर दिसलं. जुलै २०२२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या कार्यालयात रुग्णांनी ठिय्या दिला. तो महिन्याहून जास्त चालला. निविदा रखडल्या होत्या, डोल्युटेग्राविरसारखी औषधं केंद्रांवर संपत आली होती, गावोगावी महिन्याऐवजी काही दिवसांच्या गोळ्या दिल्या जात होत्या. नॅकोचं म्हणणं, देशातल्या बहुतेक रुग्णांना अडचण नाही. दोघंही आपापल्या जागी खरं बोलत होते, फक्त एकाच्या हातात सरासरी होती आणि दुसऱ्याच्या हातात पाकीट.

त्याआधीही असं झालेलं आहे. २०१४ पर्यंत केंद्राचा पैसा थेट राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांना जायचा. त्या आर्थिक वर्षापासून तो राज्याच्या तिजोरीतून वळवला गेला. कागदावर बदल शहाणपणाचा. प्रत्यक्षात कित्येक राज्यांत पैसा तिजोरीत येऊन पडला आणि संस्थेपर्यंत महिनोन्‌महिने पोचलाच नाही. त्यातच त्या वर्षी आरोग्याच्या तरतुदीला मोठी कात्री लागली. तपासणीचे किट संपले, कंत्राटी लोकांचे पगार थकले. नंतर २०१७ मध्ये लोपिनाविर या लहान मुलांच्या एचआयव्हीवरच्या सिरपची वेळ आली. ते बनवणारी देशात एकच कंपनी, तिची जुनी बिलं सरकारकडे थकलेली, तिने बनवणं थांबवलं. बाजार छोटा, नफा नाही, त्यामुळे दुसरं कोणी पुढे येईना. शेवटी सहाशेहून जास्त मुलांच्या वतीने पंतप्रधानांना पत्र गेलं, तेव्हा चक्रं हलली. या सगळ्यात ‘पैसा नाही’ हे कारण तसं कमीच होतं. पैसा होता. तो योग्य महिन्यात योग्य टेबलावर नव्हता. आपल्याकडे निधीचा ताण म्हटलं की बरेचदा हाच असतो, आणि तो ओळखायला अवघड, कारण अर्थसंकल्पाच्या आकड्यात तो सापडत नाही.

अमेरिकेत नेमकं उलटं घडतं, आणि तेही पाहण्यासारखं आहे. तिकडे १९८७ च्या मार्चमध्ये एझीटी हे पहिलं औषध आलं, वर्षाला आठ-दहा हजार डॉलर. त्या वेळच्या सर्वांत महाग औषधांत त्याची गणना व्हायची. लोक ओरडले, तेव्हा संसदेने त्याच वर्षी राज्यांना ते विकत घेण्यासाठी तीन कोटी डॉलर दिले. तात्पुरती मदत म्हणून. पुढे १९९० मध्ये रायन व्हाइट या मुलाच्या नावाने कायदा झाला. हा इंडियानातला पोरगा, हिमोफिलिया या रक्त न गोठण्याच्या आजारामुळे घ्याव्या लागणाऱ्या रक्तघटकातून त्याला लागण झाली होती, शाळेने त्याला दारात उभं केलं नव्हतं, आणि तो अठराव्या वर्षी, एप्रिल १९९० मध्ये गेला. चार महिन्यांनी कायद्यावर सही झाली. ती तात्पुरती मदत या कायद्यात आली आणि आजही चालू आहे. तिला एडॅप म्हणतात. विमा नसलेल्या किंवा अपुरा असलेल्या गरिबांना औषध देणारी ही योजना.

गंमत अशी, की ती हक्क नाही. संसद दरवर्षी एक रक्कम ठरवते, राज्यं आपली भर घालतात, आणि कोणत्या उत्पन्नापर्यंतच्या माणसाला घ्यायचं, यादीत कोणती औषधं ठेवायची, हे प्रत्येक राज्य आपलं आपण ठरवतं. रुग्ण वाढले, पैसा तेवढाच राहिला, की राज्यापुढे उपाय मोजके: उत्पन्नाची मर्यादा खाली आणा, यादीतली महाग औषधं काढा, नवी नोंदणी थांबवा. २००८ च्या मंदीनंतर लोकांच्या नोकऱ्या गेल्या, नोकरीसोबत विमा गेला, आणि एडॅपच्या दारात गर्दी झाली. सप्टेंबर २०११ मध्ये प्रतीक्षायादीवर नऊ हजारांहून जास्त माणसं होती. फ्लोरिडा, जॉर्जिया ही राज्यं आघाडीवर. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात जीव वाचवणाऱ्या गोळीसाठी नंबर लावून बसलेली नऊ हजार माणसं. तिथे आज चलतीत असलेल्या एका गोळीची छापील किंमत महिन्याला चार हजार डॉलरच्या आसपास आहे. सूट, परतावे वगैरे धरून योजनेला ती कमीत पडते हे खरं, पण आपल्या काकींच्या तीनशे रुपयांशी तिची तुलना करायला गेलं तर कॅल्क्युलेटर लाजतो.

तिकडे गोळी महाग, म्हणून माणसं कमी करतात. इथे गोळी इतकी स्वस्त, की तिला हात लावायची कोणाची हिंमत होत नाही. मग कात्री चालते ती गोळीच्या आजूबाजूला: समुपदेशकाच्या मानधनावर, विषाणूची पातळी मोजणाऱ्या तपासणीवर, वस्तीत जाऊन गळालेल्या रुग्णाला परत आणणाऱ्या कार्यकर्त्याच्या पेट्रोलवर, गोदामात तीन महिन्यांचा जास्तीचा साठा ठेवण्यावर. माझं स्पष्ट मत आहे, की ही कात्री जास्त धोकादायक आहे. प्रतीक्षायादी निदान मोजता येते, तिच्यावर वृत्तपत्रं अग्रलेख लिहितात, विरोधी पक्ष सभागृहात आकडा फडकवतो. समुपदेशकाची रिकामी खुर्ची कोण मोजणार? आणि काकींसारख्या बाईला वीस वर्षं गोळीवर टिकवलं कोणी, हे विचाराल तर त्या खुर्चीने.

२०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत एकाएकी गोठवली तेव्हा याचा एक नमुना आपल्याकडेही दिसला. हैदराबादला २०२१ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी ‘मित्र’ नावाचं क्लिनिक अमेरिकी मदतीवर उभं राहिलं होतं. त्याच्या शाखा कल्याणला आणि पुण्याला. तिन्ही बंद झाल्या. आता कोणी म्हणेल, एचआयव्हीचं औषध तर सरकारी केंद्रात मोफत आहेच, मग बिघडलं काय? बिघडलं हे, की ज्या ठिकाणी तपासणीआधी कोणी डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत नव्हतं, ते ठिकाण गेलं. आफ्रिकेत याच निर्णयाने फार मोठा हाहाकार झाला. भारताचा मूळ कार्यक्रम वाचला, कारण तो आता परक्या पैशावर उभा नाही. १९९२ ला तो सुरू झाला तेव्हा जागतिक बँकेच्या कर्जावर चालायचा. पाचव्या टप्प्यात, २०२१ ते २६ या पाच वर्षांसाठी, सुमारे १५,४७२ कोटी रुपये संपूर्णपणे केंद्र सरकारने मंजूर केले. देशात पंचवीस लाखांवर एचआयव्हीसह जगणारी माणसं, त्यातली जवळपास चार लाख एकट्या महाराष्ट्रात. एवढ्या लोकांचं औषध वॉशिंग्टनमधल्या सहीवर अवलंबून नाही, याचा मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही.

मात्र हक्क आपल्याकडेही अर्धामुर्धाच आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. भेदभाव करू नये, संमतीशिवाय तपासणी करू नये, माहिती फोडू नये, हे सगळं त्यात नीट आहे. औषधोपचाराच्या कलमात मात्र ‘शक्य असेल तेवढं’ अशी पळवाट आहे. रुग्णांच्या संघटनांनी तेव्हा जीव तोडून विरोध केला होता. ते शब्द राहिलेच.

काकींनी कायदा वाचलेला नाही. त्यांनी स्वतःपुरता उपाय काढलाय. पाकिटातल्या सात-दहा गोळ्यांचे ते दिवस सरल्यावर त्या प्रत्येक वेळी बाटली संपायच्या दोन-तीन दिवस आधी केंद्रावर जाऊ लागल्या. असं करत करत त्यांच्या कॅल्शियमच्या डब्यात वीसेक गोळ्या शिल्लक पडल्या. त्या त्यांनी कोणाला सांगितल्या नव्हत्या. मग एकदा मोजणीत घोळ झाला, घाईत त्या बाटलीऐवजी डबाच घेऊन गेल्या आणि फार्मासिस्टने थेट समुपदेशक बाईंकडे पाठवलं. एवढ्या गोळ्या उरल्या म्हणजे तेवढे दिवस चुकले, असाच त्यांचा हिशेब. मी बाहेर बाकावर होतो, आतला आवाज ऐकू येत होता.

“काकी, खरं सांगा, गोळ्या चुकवताय ना?”

“एक बी चुकली न्हाई. रक्त तपासून बघा.”

“मग या कुठून आल्या?”

“साठवल्या. तुमचं गोडाऊन रिकामं झालं की तुम्ही मला पाकीट देता. माझं गोडाऊन ह्ये हाय.”

रक्ताचा अहवाल फायलीत होताच, विषाणू सापडत नव्हता. बाईंनी थोडा वेळ नियम सांगितला, गोळ्यांची मुदत बघितली, जुन्या आधी संपवायच्या आणि नव्या मागे ठेवायच्या हे दोनदा बजावलं आणि डबा परत दिला. त्या महिन्यात काकींना नेहमीची तीसचीच बाटली मिळाली. बाहेर येताना त्या मला म्हणाल्या, बाई चांगली आहे, पण तिचा करार मार्चला संपतोय म्हणत होती, पुढं कोण येतंय काय की, नव्या बाईला हे सगळं परत पहिल्यापासनं सांगावं लागणार.